पेट्यांच्या हिशेबात #नेम? कुठून आलं?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. देवगडकडे काकांची हापूसची बाग. पेट्या वाशीला जातात, थोड्या कोल्हापूर-पुण्याला, आणि मागाहून व्यापाऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, येते. वहीतला हा हिशेब पुतणीने, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांनीच, पहिल्यांदा ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये उतरवलाय. मुख्य फॉर्म खेपेचा: तारीख, व्यापारी, वाहतूक, हमाली. त्याच्या पोटात पट्टीचा सबफॉर्म, त्यात दर ओळीला पेटी किती डझनी, पेट्या किती, पेटीला भाव काय. डेटा भरला जातोय, पण फॉर्म उघडला की निव्वळ रकमेत #नेम? दिसतं, सबफॉर्मच्या तळाशी एकूण रकमेत #एरर, डझनाच्या सरासरी भावात कुठे #डिव्ह/0! तर कुठे #नम!, हंगामाच्या बेरजेत नुसतं ########, आणि व्यापाऱ्याच्या नावाच्या जागी 7. तीच फाइल चुलत भावाच्या कॉम्प्युटरवर नेली तर अक्षरी रकमेतही #नेम?. शेवटचा प्रश्न असा, की हे सगळं सोडून परत एक्सेलवर जाऊ का?

जाऊ नका. तुमची टेबलं बरोबर बांधलेली आहेत, आणि पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचं नेमकं तेच चुकतं. खेप वेगळी, पट्टीच्या ओळी वेगळ्या हे तुम्हाला सुचलं म्हणजे अवघड काम झालंय. राहिलं ते दुरुस्तीचं.

एक गोष्ट आधी करून बघा. फॉर्म बंद करा आणि डावीकडच्या यादीतून टेबल थेट उघडा. पेट्या, भाव, हमाली सगळं जिथल्या तिथे असेल, #नेम? वगैरे काही नसेल. ही चिन्हं कुठेही साठवलेली नाहीत. फॉर्मवरची चौकट दाखवायच्या क्षणी गणित करायला जाते, ते जमत नाही, म्हणून ती असं काहीतरी दाखवते. त्यामुळे डेटा गेला म्हणून परत भरत बसू नका. (असं केलेले लोक मी पाहिलेत. मग प्रत्येक पट्टी दोनदा नोंदली जाते आणि ते निस्तरणं या चिन्हांपेक्षा जड जातं.) त्यानंतर फाइलची एक प्रत काढा आणि खालचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

लिहिण्याबद्दल एक सूचना. इथे मी फील्डची (टेबलातल्या रकान्यांची) आणि फंक्शनची नावं देवनागरीत लिहितोय. फंक्शनं तुम्हाला ॲक्सेसमध्ये रोमन अक्षरांतच टाइप करायची आहेत. एनझेड म्हणजे एन आणि झेड ही दोन अक्षरं, रिकाम्या जागी शून्यासारखी किंमत बसवणारं फंक्शन. आयआयएफ म्हणजे आय, आय, एफ, अट बघून दोनपैकी एक उत्तर देणारं. सम म्हणजे बेरजेचं फंक्शन.

#नेम? पासून सुरू करू. याचा अर्थ एकच: चौकटीत तुम्ही जे नाव लिहिलंय ते ॲक्सेसला सापडलं नाही. गणित चुकलेलं नाही, गणितापर्यंत गाडी पोचलेलीच नाही. म्हणून सूत्राची डोकेफोड न करता नावांची तपासणी करायची. फॉर्म डिझाइन व्ह्यूमध्ये (रचना बदलायच्या खिडकीत) उघडा, चौकटीवर क्लिक करा, एफ4 दाबा. प्रॉपर्टी शीट येईल. त्यातल्या डेटा टॅबवर कंट्रोल सोर्स नावाची ओळ आहे. तिथे उभं राहून शिफ्ट-एफ2 दाबलं की सूत्र मोठ्या खिडकीत दिसतं, डोळे फोडावे लागत नाहीत. चौकटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसत असेल तर तीही ॲक्सेसचीच खूण आहे. त्यावर क्लिक केलं की असं फील्ड यादीत नाही म्हणून तो स्वतःच सांगतो. बरेच जण त्या त्रिकोणाकडे सजावट म्हणून बघतात.

आता तुमचं सूत्र. तुम्ही लिहिलंय:

=[पट्टी_फॉर्म].[फॉर्म]![एकूण]-[वाहतूक]-[हमाली]

वाचायला बरोबर वाटतं, कारण सबफॉर्म म्हणून जो फॉर्म वापरलाय त्याचं नाव पट्टी_फॉर्म आहे. पण मुख्य फॉर्मला तो फॉर्म त्या नावाने ओळखता येत नाही. मुख्य फॉर्मवर एक चौकोन आहे, त्या चौकोनात तो फॉर्म बसवलाय, आणि चौकोनाला स्वतःचं वेगळं नाव आहे. तुम्ही तो चौकोन टूलबॉक्समधून हाताने ओढून काढला असणार, त्यामुळे ॲक्सेसने त्याला चाइल्ड12 असं काहीतरी नाव दिलं असेल. सबफॉर्मच्या कडेवर एकदाच क्लिक करा. आत क्लिक केलंत तर आतला फॉर्म निवडला जातो, इथे सगळे फसतात. मग प्रॉपर्टी शीटच्या अदर टॅबवर नेम बघा. ते बदलून पट्टी_चौकोन करा आणि सूत्रात तेच नाव घाला. [फॉर्म] हा मधला तुकडा तसाच ठेवायचा, चौकोनातून आतल्या फॉर्मकडे जायची ती पायरी आहे.

हे केल्यावर #नेम? जाऊन त्याच चौकटीत #एरर येईल. वैतागू नका, काम पुढे सरकलंय. आता नाव सापडलंय, पण त्या नावाखालची बेरीजच बिघडलेली आहे. तिकडे येतोच.

त्याआधी #नेम? ची बाकीची कारणं. यातलं काही ना काही पुढच्या आठवड्यात भेटेलच.

सूत्राच्या आधीचं बरोबरचं चिन्ह राहिलं, तर ॲक्सेस [पेट्या]*[भाव] या अख्ख्या मजकुरालाच फील्डचं नाव समजतो आणि असं फील्ड नाही म्हणून हात वर करतो. टेबलात फील्डचं नाव बदललं आणि फॉर्मवर जुनंच राहिलं तरी तेच. फॉर्म ज्या क्वेरीवर (टेबलांतून हवी ती फील्डं निवडून देणाऱ्या यादीवर) उभा आहे त्या क्वेरीतून ते फील्ड काढलं गेलं असेल तरीही तेच. टेबलात आहे, पण क्वेरीत ओढलेलं नाही. हे कारण भल्याभल्यांना दिसत नाही, कारण ते टेबल उघडून बघतात आणि म्हणतात, आहे की! फॉर्म डिझाइनमध्ये ऑल्ट-एफ8 दाबलं की फॉर्मला उपलब्ध असलेल्या फील्डची यादी येते. तिच्यात नाव नसेल तर फॉर्मच्या लेखी ते फील्ड नाहीच. आणि हाच आजार क्वेरीत झाला तर तिथे #नेम? येत नाही. तिथे एक छोटी खिडकी उघडून तुमच्याकडेच किंमत मागते. न सापडलेल्या नावाला क्वेरी प्रश्न समजते, फॉर्म चूक समजतो. खिडकीत जे नाव छापलेलं असतं तेच चुकलेलं असतं, एवढं लक्षात ठेवलं की शोध तिथेच संपतो.

आपल्याकडचं एक खास कारणही आहे. तुम्ही फील्डला नाव दिलंय व्यापाऱ्याचे_नाव. यातलं ऱ्या हे अक्षर दोन पद्धतीने टाइप होतं: एक ऱ घेऊन हलन्त लावून, दुसरी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. काकांच्या लॅपटॉपवर एक कीबोर्ड, तुमच्या मोबाइलवर दुसरा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, आतले कोड मात्र वेगळे असतात, त्यामुळे ती जुळतीलच याचा भरवसा नाही. डोळ्यांनी कितीही वेळा तपासलंत तरी सापडणार नाही. माझा सल्ला सरळ आहे: फील्ड, टेबल, फॉर्म, चौकटी यांची नावं रोमन अक्षरांत, जागा न सोडता द्या आणि मराठी फक्त कॅप्शनमध्ये, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या नावात, ठेवा. काकांना फॉर्मवर मराठीच दिसेल. मराठीच्या प्रेमापोटी याला विरोध करणारे मला भेटलेत. त्यांना मी व्हीबीएची, म्हणजे ॲक्सेसमध्ये कोड लिहायच्या भाषेची, खिडकी उघडून दाखवतो. तिथे देवनागरी टाइप केलं की ???? उमटतं, कारण ती खिडकी अजून युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणारी पद्धत) जाणत नाही. नावं देवनागरीत असली की कोड लिहायची वेळ आली तेव्हा हात बांधले जातात.

फील्डला नेम किंवा डेट असं नाव मात्र रोमनमध्येही देऊ नका. ही ॲक्सेसची स्वतःची नावं आहेत. =[नेम] असं सूत्र लिहिलंत तर व्यापाऱ्याऐवजी प्रत्येक रेकॉर्डवर फॉर्मचंच नाव दिसायला लागतं.

आता #एरर. हे वेगळं प्रकरण आहे. नाव सापडलं, पण त्यातून उत्तर काढता आलं नाही. तुमच्या सबफॉर्ममध्ये दर ओळीला रक्कम नावाची चौकट आहे, तिच्यात =[पेट्या]*[भाव], आणि ती ठीक चालतेय. तळाच्या चौकटीत तुम्ही लिहिलंय =सम([रक्कम]). कोणालाही हेच सुचेल. पण सम फक्त फील्डची बेरीज करतं, चौकटीची नाही. रक्कम हे टेबलातलं किंवा क्वेरीतलं फील्ड नाही, ती पडद्यावरची गणिताची चौकट आहे, आणि सम तिच्यापर्यंत पोचूच शकत नाही. दोन उपाय आहेत. एक, तळाशी =सम([पेट्या]*[भाव]) असं मूळ गणितच लिहा. दुसरा, आणि मला जास्त आवडणारा, म्हणजे रक्कम क्वेरीत काढा. सबफॉर्मच्या क्वेरीत एका रिकाम्या रकान्यात रक्कम: [पेट्या]*[भाव] असं लिहिलं की रक्कम खरोखरीचं फील्ड होतं, आणि मग =सम([रक्कम]) बिनतक्रार चालतं. उद्या गणित बदललं तर एकाच जागी बदलावं लागतं.

क्वेरीत रक्कम काढलीत तर फॉर्मवरच्या चौकटीचा कंट्रोल सोर्स नुसता रक्कम करा. जुनं सूत्र =[पेट्या]*[भाव] तसंच ठेवून चौकटीचं नावही रक्कम राहू दिलंत, तर एका वाडीत एकाच नावाचे दोघे राहायला लागल्यासारखं होतं. हाक कोणाला मारली ते ॲक्सेसला कळत नाही. चौकटीचं नाव फील्डचंच, पण आत सूत्र, त्यातही ते सूत्र त्याच नावाला हाक मारणारं, असं असेल तर हमखास #एरर. म्हणून गणिताच्या चौकटींना मी नेहमी नावाआधी टीएक्सटी जोडतो.

#एरर चा एक वाईट स्वभाव आहे. एका फॉर्मवर गणिताची एक चौकट अडली की ॲक्सेस पुष्कळदा उरलेल्या गणितांचा नादही सोडतो, आणि ज्या चौकटींत काहीच चूक नाही तिथेही #एरर दिसायला लागतं. नवशिका माणूस मग सगळ्याच चौकटी उपटायला घेतो. प्रतीवर असं करा: निम्म्या गणिताच्या चौकटींचा कंट्रोल सोर्स रिकामा करा आणि फॉर्म उघडा. उरलेल्या चालल्या तर दोषी रिकाम्या केलेल्यांत आहे, नाही चालल्या तर उरलेल्यांत. परत निम्मं करा. मोठ्या फॉर्मवरही चार-पाच फेऱ्यांत मूळ सापडतं.

तुमची एक बारीक तक्रार होती, की ज्या खेपेची पट्टीच आलेली नाही तिथे #एरर काही केल्या जात नाही. सबफॉर्मची अलाऊ ॲडिशन्स ही प्रॉपर्टी नो केली असेल, बहुतेक काकांनी चुकून नवी ओळ घालू नये म्हणून. ती नो असली आणि ओळ एकही नसली, की सबफॉर्ममध्ये किंमत द्यायला काही उरतच नाही. तिथे रिकामी किंमतही नसते, म्हणून एनझेड लावूनही फरक पडत नाही. नवी ओळ येऊ द्यायची असेल तर प्रॉपर्टी येस करा, प्रश्न मिटला. नसेल तर आधी ओळी आहेत का ते विचारा:

=आयआयएफ([पट्टी_चौकोन].[फॉर्म].[रेकॉर्डसेट].[रेकॉर्डकाउंट]>0,[पट्टी_चौकोन].[फॉर्म]![एकूण],0)

आता ज्या जागी खरं डोकं लावायचंय तिथे येऊ: डझनाचा सरासरी भाव. तुम्ही लिहिलंय की सुरुवातीला काही खेपांवर ती चौकट रिकामी दिसायची, ते बरं वाटेना म्हणून सगळीकडे एनझेड लावलं, आणि तेव्हापासून #नम! सुरू झालं. त्यात कोडं काही नाही. पट्टी आली नव्हती तेव्हा एकूण रक्कमही माहीत नाही आणि डझनही माहीत नाहीत. माहीत नसलेल्याला माहीत नसलेल्याने भागलं की उत्तरही माहीत नाही, म्हणून चौकट रिकामी. ती रिकामी चौकट बरोबर होती. एनझेड लावून तुम्ही दोन्हीकडे शून्य बसवलंत. शून्य भागिले शून्य, त्याला ॲक्सेस #नम! म्हणतो. आणि जिथे रक्कम आहे पण डझन शून्य, तिथे #डिव्ह/0!. डझन शून्य कसे झाले? टेबलात त्या फील्डच्या डिफॉल्ट व्हॅल्यूमध्ये 0 असेल तर ओळ भरताना तो आकडा विसरला, की शून्य आपोआप साठतं. तिथला 0 पुसून टाका, म्हणजे न भरलेलं ते रिकामंच राहील. आधी साठलेली शून्यं मात्र तुम्हालाच पट्ट्या काढून भरावी लागतील.

सूत्र असं करा:

=आयआयएफ([एकूण_डझन]>0,[एकूण]/[एकूण_डझन],नल)

नल म्हणजे रिकामं. एकूण_डझन स्वतः रिकामं असलं तरी हे चालतं, कारण तेव्हा अट पुरी होत नाही आणि उत्तर रिकामं राहतं.

एनझेड वाईट आहे असं मी म्हणत नाही. प्रत्येक रिकाम्या फील्डला एकच प्रश्न विचारा: हे रिकामं म्हणजे नाही, की अजून कळलेलं नाही? हमाली रिकामी असेल तर बहुधा कापलेली नाही. तिथे एनझेड([हमाली],0) अगदी योग्य आहे, आणि लावायलाच हवं, नाहीतर एक हमाली रिकामी राहिली म्हणून अख्खी निव्वळ रक्कम रिकामी दिसेल. वजाबाकीत एक घटक रिकामा, तर उत्तर रिकामं. पण भाव रिकामा असेल तर पट्टी यायची आहे. तिथे शून्य बसवलंत तर त्या खेपेची निव्वळ रक्कम उणे दिसेल, वाहतुकीएवढी उणे, आणि काका फोन लावून व्यापाऱ्याशी भांडतील.

याच जागी एक चूक लपलेली आहे, आणि ती कुठलंच चिन्ह दाखवत नाही. समजा एका खेपेच्या पट्टीत तीन ओळी आहेत. 4 डझनी 20 पेट्या, भाव 2400. 5 डझनी 30 पेट्या, भाव 2500. 6 डझनी 10 पेट्या, भाव अजून कळलेला नाही. सम रिकाम्या किमती सोडून देतं, म्हणून एकूण रक्कम 48,000 अधिक 75,000, म्हणजे 1,23,000. पण डझनांची बेरीज तिन्ही ओळींची होते: 80, 150 आणि 60, एकूण 290. भागाकार 424 रुपये डझन. खरं उत्तर 230 डझनांवर काढायला हवं, ते येतं जवळजवळ 535. डझनामागे शंभराहून जास्त रुपयांचा फरक, आणि फॉर्म शांत, ना #एरर ना काही. काका हा आकडा बघून ठरवणार की पुढची खेप याच व्यापाऱ्याला द्यायची की नाही. म्हणून एकूण_डझन असं काढा:

=सम(आयआयएफ(इझनल([भाव]),0,[पेट्या]*[प्रत_डझन]))

इझनल म्हणजे रिकामं आहे का ते विचारणारं फंक्शन, प्रत_डझन म्हणजे पेटी किती डझनी ते फील्ड. भाव नाही तिथले डझन धरू नका. शिवाय शेजारी भाव यायच्या पेट्यांची एक वेगळी चौकट ठेवा, म्हणजे सरासरी किती मालावर काढलीय ते दिसेल. आणि कोणी तुम्हाला सुचवेल की सगळ्या सूत्रांना इझएरर हे चूक ओळखणारं फंक्शन लावून चिन्हं गायब करून टाका. तसं करू नका. चिन्ह दिसतं म्हणून तरी तुम्ही बघायला गेलात.

######## हे सगळ्यात सोपं. आकडा चौकटीत मावत नाही. चौकट रुंद करा नाहीतर फॉन्ट लहान करा, संपलं. पण एकदा फाइल, ऑप्शन्स, करंट डेटाबेस इथे जा आणि चेक फॉर ट्रंकेटेड नंबर फील्ड्स यावर टिक आहे ना ते बघून ठेवा. ती टिक काढली की ######## ची जाळी जाते, पण त्याबरोबर न मावणारे आकडे गुपचूप कापले जातात, आणि लाखाची रक्कम हजारात दिसायला लागते. जाळी नको म्हणून ती टिक काढणारे असतात, त्यांच्या ओळीत बसू नका. रकमा 1,23,000 अशा आपल्या पद्धतीच्या स्वल्पविरामांनी दिसत नसतील तर ते ॲक्सेसमध्ये शोधू नका. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा आणि फील्डचा फॉरमॅट करन्सी ठेवा. भावाचं फील्डही करन्सीच करा. नंबर प्रकारात फील्ड साइझ लाँग इंटिजर असेल तर 12.75 भरलं की 13 साठतं, आणि फॉर्मवर डेसिमल प्लेसेस कितीही वाढवलेत तरी गेलेले पैसे परत येत नाहीत.

व्यापाऱ्याच्या जागी 7 दिसतं, कारण टेबलात खरोखर 7 च आहे, तो त्या व्यापाऱ्याचा क्रमांक, आणि असायलाही हवं. व्यापारी निवडायची यादी उघडणारी चौकट म्हणजे कॉम्बो बॉक्स, त्याच्या प्रॉपर्टीत कॉलम काउंट 2, बाउंड कॉलम 1, कॉलम विड्थ्स 0;5 करा. पहिला रकाना शून्य रुंदीचा झाला की साठतो 7, दिसतं नाव.

आता चुलत भावाचा कॉम्प्युटर. तुमच्याकडे चालणारी अक्षरी रक्कम त्याच्याकडे #नेम? होते, कारण अक्षरी रकमेचं फंक्शन हा व्हीबीए कोड आहे, आणि अनोळखी जागेवरून उघडलेल्या फाइलमधला कोड ॲक्सेस चालूच देत नाही. कोड बंद म्हणजे फंक्शन नाही, फंक्शन नाही म्हणजे नाव सापडत नाही. फाइल उघडल्यावर वरती पिवळी पट्टी येते, त्यावर एनेबल कंटेंट लिहिलेलं असतं. त्याने ती फुलीने बंद केली असणार. फाइल व्हॉट्सॲपवरून किंवा मेलवरून डाउनलोड केली असेल तर पट्टी लाल येते आणि तिच्यावर ते बटणच नसतं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो (असा कोड) मायक्रोसॉफ्टने 2022 पासून असे अडवले आहेत. तेव्हा फाइल बंद करून तिच्यावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉक. रोजचं काम असेल तर हिशेबासाठी एक वेगळं फोल्डर करा आणि ट्रस्ट सेंटरमध्ये तेवढंच ट्रस्टेड लोकेशन म्हणून नोंदवा. अख्खं डाउनलोड्स फोल्डर नोंदवू नका.

एनेबल करूनही डेट, लेफ्ट यांसारखी ॲक्सेसची घरचीच फंक्शनं #नेम? दाखवत असतील, तर ऑल्ट-एफ11 दाबा, टूल्समध्ये रेफरन्सेस उघडा. एखाद्या ओळीपुढे मिसिंग लिहिलेलं असेल. त्या कॉम्प्युटरवर नसलेली एखादी लायब्ररी तुमच्या फाइलला हवी आहे. वापरत नसाल तर टिक काढा. एका हरवलेल्या लायब्ररीपायी सगळ्या फंक्शनांचा खोळंबा होतो, हे ज्याला माहीत नाही तो दिवसभर लेफ्टचं स्पेलिंग तपासत बसतो.

अक्षरी रकमेत तुम्हाला मराठी शब्द हवे होते आणि ???? येत होते, ते वर सांगितलेल्या कारणानेच. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दशकं दिली की काम भागतं. आपल्याकडे एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, त्यामुळे 1 ते 99 सगळे शब्द लागतात. ते कोडमध्ये लिहूच नका. अंक आणि शब्द अशा दोन रकान्यांचं 99 ओळींचं टेबल करा. टेबलात देवनागरी व्यवस्थित राहतं. कोडने डीलुकअप वापरून तिथून शब्द उचलायचा. शंभर, हजार, लाख यांनाही त्याच टेबलात जागा द्या.

भाऊ आणि तुम्ही एकाच वेळी काम करणार असाल तर फाइल दोन भागांत तोडा. डेटाबेस टूल्समध्ये त्यासाठी तयार विझार्ड आहे. टेबलं एका फाइलमध्ये, फॉर्म दुसऱ्या फाइलमध्ये आणि फॉर्मची फाइल प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर स्वतंत्र. तेव्हा कधीतरी #डिलीटेड दिसेल. तुमचा फॉर्म उघडा असताना त्याने ती ओळ काढली, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ. शिफ्ट-एफ9 दाबलं की ताजी यादी येते आणि ती ओळ निघून जाते. फक्त एफ9 ने गणितं नवी होतात, यादी नाही.

पण भावाने काहीही काढलेलं नसताना #डिलीटेड आलं, किंवा एखाद्या ओळीत चिनी वाटणारी अक्षरं दिसली, तर फाइलला इजा झालीय. मेमध्ये वळवाच्या पावसात वीज कशी जाते ते मी देवगडच्या माणसाला सांगायला नको, आणि पेनड्राइव्हवरच फाइल उघडून काम करत असाल तर तेवढं निमित्त पुरतं. अशा वेळी आधी फाइल जशी आहे तशी कॉपी करून बाजूला ठेवा, मग कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवा. उलट क्रमाने नको, दुरुस्ती करताना ॲक्सेस खराब ओळी टाकूनही देऊ शकतो. पुढे काम कॉम्प्युटरच्या डिस्कवर करा, पेनड्राइव्ह रोज संध्याकाळी फाइल बंद करून प्रत काढण्यापुरता वापरा.

तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलंय की काल फॉर्म उघडला तर जुन्या खेपा गायब आणि समोर एकच कोरी ओळ. टेबल उघडून बघा, सगळ्या खेपा तिथे असतील. फॉर्मच्या डेटा टॅबवर डेटा एंट्री येस झालंय. तसं असलं की फॉर्म फक्त नवी नोंद घेतो, जुन्या दाखवतच नाही. ते नो करा. ते नो असूनही खेपा दिसत नसतील तर खाली रेकॉर्डच्या आकड्यांशेजारी फिल्टर्ड लिहिलंय का बघा. तिथे क्लिक केलं की फिल्टर सुटतो.

आज बसणार असाल तर आधी रक्कम क्वेरीत न्या, मग चौकोनाचं नाव बदला, मग सरासरीचं सूत्र. मधल्या प्रत्येक पायरीला फॉर्म उघडून पाहा आणि जिची पट्टी अर्धीच आलीय अशीच खेप समोर ठेवा. पूर्ण पट्टीवर चुकीचं सूत्रही बरोबर उत्तर देतं.